पिवळ्या गळ्याचा लपंडाव

बुलबुल पाहण्यासाठी कोणी आठशे किलोमीटरांचा प्रवास करतो असे मी पूर्वी ऐकले असते, तर त्या माणसाच्या घरच्या मंडळींची मला कीव आली असती. बुलबुल हा का पाहायला जाण्याचा पक्षी आहे? तोच आपल्याला पाहायला येतो. पुण्यात आमच्या परसातल्या पेरूवर लालबुड्या बुलबुलांचे एक जोडपे वर्षानुवर्षे तळ देऊन आहे. पहिला पिकलेला पेरू त्यांचा, राहिलेले आमचे, अशी वाटणी ठरून गेलेली. एका साली त्यांनी व्हरांड्यातल्या दिव्याच्या काचेच्या वाटीत घरटे केले, तेव्हा महिनाभर आम्ही तो दिवा लावला नाही आणि येणाऱ्याजाणाऱ्याला 'हळू, हळू' म्हणत राहिलो. महाबळेश्वराकडे, कोकणात तुरेवाला शिपाई बुलबुल भेटतो, त्याचीही तीच तऱ्हा. एकंदर हे घराणे माणसाळलेले, बोलके आणि थोडेसे भांडखोर.

अशा या घराण्यात एक भाऊबंद मात्र अगदी वेगळ्या स्वभावाचा निघाला आहे. त्याला माणसाचा वारा सोसत नाही. बागेत तो येत नाही, गावात येत नाही, घनदाट अरण्यातही राहत नाही. दक्षिणेतल्या उन्हाने तापलेल्या, धोंड्यांनी भरलेल्या डोंगरांच्या घळींतून जे काटेरी रान असते, तेवढेच त्याने आपले मानले आहे. पिवळ्या गळ्याचा बुलबुल हे त्याचे नाव. कर्नाटक, आंध्र, तेलंगण, तमिळनाडू आणि केरळचा एक सुका कोपरा सोडला, तर जगाच्या पाठीवर तो कोठेही नाही. आपल्या सह्याद्रीत नाही. डोंगर काळ्या बसाल्टाचा झाला की याचे राज्य संपले म्हणावे.

दिसायला तो वीतभर लांबीचा. डोक्यावर तुरा नाही. पाठ करड्या हिरवट रंगाची, छाती राखी, आणि गळा व तोंडाचा भाग हळदीचे बोट लावावे तसा पिवळा. शेपटीखालीही पिवळी छटा आणि शेपटीच्या टोकांना फिकट पिवळसर ठिपके. चित्रात पाहिला तर हा पक्षी ओळखायला चुकणे शक्य नाही असे वाटते. प्रत्यक्षात काय होते ते पुढे सांगतोच.

टॉमस जेर्डन नावाचा मद्रास लष्करातला एक डॉक्टर होता. रोग्यांच्या नाड्या पाहता पाहता त्याने हिंदुस्थानातल्या पाखरांचीही मोजदाद केली. त्याने नेल्लोरकडच्या पूर्वघाटातल्या या बुलबुलाचे वर्णन १८४५ साली प्रसिद्ध केले आणि त्याला ग्रीक भाषेतून नाव दिले. त्याचा अर्थही 'पिवळ्या गळ्याचा' असाच. याच जेर्डनच्या नावाने ओळखला जाणारा एक धाविक पक्षी त्याच मुलखात राहतो. १८४८ साली त्याचे वर्णन झाले, आणि १९०० नंतर तो जो दिसेनासा झाला तो पंच्याऐंशी वर्षे कोणाच्या दृष्टीस पडला नाही. सगळ्यांनी त्याच्या नावाने पाणी सोडले होते. १९८६ च्या जानेवारीत मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या भरत भूषण यांना तो कडप्पा जिल्ह्यातल्या काटेरी रानात पुन्हा सापडला. कडप्पा म्हणजे ज्याच्या नावाची काळी फरशी आपल्याकडे घरोघर स्वयंपाकाच्या ओट्याला बसलेली असे, तोच. हे ओट्याचे लक्षात ठेवा. मला पुढे ते लागणार आहे.

मला या बुलबुलाचा नाद लागला तो माझ्या भाच्यामुळे. धाकटी बहीण बंगळूरला असते. गेल्या जून महिन्यात तिच्याकडे आठ दिवस राहायला गेलो होतो. भाचा दुर्बीण घेऊन हिंडणारा. तो म्हणाला, "मामा, तुमच्या पुण्यात नाही असा बुलबुल दाखवतो. पण हटकून दिसेल असं नाही सांगत." या 'हटकून नाही'ने माझा घात केला. जे हटकून दिसते त्यासाठी या वयात कोण पहाटे चारला उठतो?

पहिल्या दिवशी आम्ही नंदी हिल्सला गेलो. समुद्रसपाटीपासून १४७८ मीटर उंच, धुक्यात बुडालेला डोंगर. उतारावरच्या खडकाळ झुडपांत हा पक्षी आहे ही गोष्ट जुनी आणि पक्की. पण तो रविवार होता. पायथ्यापासून माथ्यापर्यंत मोटारींची आणि फटफट्यांची माळ लागलेली. सूर्योदय पाहायला आलेल्या लोकांनी धुक्याचेच फोटो काढून घेतले. आम्ही कणसे खाल्ली, भरपूर शिपाई बुलबुल पाहिले आणि परत आलो. एवढेच.

दुसऱ्या दिवशी रामनगर. हे गाव तुम्ही पाहिलेले आहे. तुम्ही कधी तिकडे गेला नसाल, तरी पाहिलेले आहे. १९७३ साली तिथे 'शोले'चे चित्रीकरण सुरू झाले आणि १९७५ च्या ऑगस्टात तो चित्रपट पडद्यावर आला, तेव्हापासून तिथले ते हत्तीच्या पाठीसारखे धोंडे साऱ्या देशाच्या ओळखीचे आहेत. ज्या खडकांवर गब्बरसिंग येरझाऱ्या घालत होता, त्याच्या आसपासच्या रामदेवर बेट्टावर आज गिधाडांसाठी राखलेले अभयारण्य आहे, २०१२ पासूनचे. पिवळ्या गळ्याचा बुलबुल तिथेही राहतो. संबंध चित्रपटात तो कोठे बोलला असेल का, हे कान देऊन ऐकायचे मी ठरवले आहे. पण त्या गोळीबारात बिचाऱ्याचे काय ऐकू येणार?

या गावाचे जुने नाव क्लोजपेट. आपल्या इतिहासात बॅरी क्लोज हा इंग्रज येतो. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला, त्या वेळी पुण्याच्या दरबारातला कंपनीचा वकील हाच. त्याआधी तो म्हैसूरला होता, आणि त्याच्या नावाने ही पेठ वसवली गेली. पुढे भूगर्भशास्त्रज्ञांनी इथल्या दगडालाच 'क्लोजपेट ग्रॅनाइट' म्हणायला सुरुवात केली. गावाचे नाव बदलले, दगडाचे तसेच राहिले. सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटात थिजलेला हा दगड रामनगराच्या बाजूने उत्तरेला बल्लारीकडे जवळजवळ ४०० किलोमीटर पट्ट्यापट्ट्याने वर आलेला आहे. ज्याच्या सहीने पेशवाईच्या गळ्याला फास बसला, त्याचे नाव अशा चिवट वस्तूला मिळावे, याला काय म्हणावे?

रामनगरलाही त्या दिवशी बुलबुलाने दर्शन दिले नाही. म्हणजे मला वाटले दिले. एका करवंदीच्या जाळीत हिरवट पाठीचा पक्षी क्षणभर दिसला, मी भाच्याचा दंड धरून "तो बघ!" म्हणून ओरडलो, आणि पक्षी जाळीच्या पोटात गेला तो गेलाच. भाचा म्हणाला, "मामा, तो पांढऱ्या भुवईचा. डोळ्यावर पांढरी रेघ होती." हा पांढऱ्या भुवईचा बुलबुल त्याच रानात राहतो, तसाच जाळीत दडतो, आवाजही बराचसा तसाच घाईघाईचा काढतो. दुरून, पानांच्या आडून, अर्ध्या क्षणात दोघांत फरक करायचा म्हणजे डोळे तरणे हवेत. मी मुकाट्याने चष्मा पुसला.

परतताना भाच्याने मला एका माणसाकडे नेले. त्या बाजूच्या एका खेड्यात ते राहतात. पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मास्तरकी करून निवृत्त झालेले. गावात लहानथोर सगळे त्यांना 'मेष्ट्रे' म्हणतात, मीही तेच म्हणेन. मेष्ट्र्यांचे हिंदी माझ्या कानडीपेक्षा पुष्कळ बरे, म्हणून आमचे बोलणे झाले. त्यांनी ताक दिले आणि मी कशाला आलो आहे हे कळल्यावर आतून एक लांबट वही आणली. पाहतो तो शाळेचा हजेरीपट!

मुलांच्या नावांच्या जागी टेकड्यांची नावे होती. सात टेकड्या. पुढे तारखांचे रकाने, आणि प्रत्येक रकान्यात शाळेत मांडतात तसे हजर-गैरहजर. मेष्ट्रे दर पंधरवड्याला एकेका टेकडीवर जातात, सकाळी दोन तास बसतात, आणि पिवळ्या गळ्याचा 'पिकळार', कानडीत बुलबुलाला पिकळार म्हणतात, दिसला किंवा बोलला तर हजर. असे तेरा वर्षे चालले आहे. कोणी सांगितले नाही, कोणी पैसे देत नाही.

"मुलांची हजेरी घ्यायची सवय. सुटत नाही, सार," ते म्हणाले.

सातांपैकी दोन नावांवर तांबड्या शाईने आडवी रेघ होती. मी विचारले तेव्हा त्यांनी शाळेतलाच शब्द वापरला. "नाव कमी केलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटाच त्यांच्याबरोबर निघालो. भाच्याला नोकरी होती. त्याने जाताना माझ्या मोबाइलमध्ये या बुलबुलाचा ध्वनिमुद्रित आवाज भरून दिला होता. "ओळखायला उपयोगी पडेल," म्हणाला. त्याचा हेतू तेवढाच होता, हे इथे नमूद करून ठेवतो.

आम्ही गेलो ती हजेरीपटातली चौथी टेकडी. तिचे नाव मी मुद्दाम देत नाही. उजाडता उजाडता आम्ही घळीच्या तोंडाशी पोहोचलो. मेष्ट्रे पुढे, हातात काठी, आणि दर दहा पावलांनी ती दगडावर आपटत. अस्वलांसाठी. धोंड्यांच्या कपारींतून अस्वले असतात आणि सकाळी ती घरी परतत असतात. अचानक समोर यावे हे त्यांनाही आवडत नाही.

दुरून ही टेकडी म्हणजे नुसता बोडका दगड दिसते. जवळ गेल्यावर कळते की सारा संसार दगडाच्या फटींत आहे. मोठ्या उघड्या शिळेवर पडलेला पाऊस शिळा पीत नाही. तो सगळा ओघळून धोंड्यांच्या बुडाशी आणि चिरांत जातो. थोड्याशा पावसाचे असे एका जागी पुष्कळ पाणी होते. म्हणून भोवताली रान सुकलेले असतानाही घळीत झुडपे दाट राहतात. कपारीत मुळे रोवून उंबराच्या जातीची झाडे दगडाला मिठी मारून उभी असतात. तोरणी, करवंदी, त्रिधारी निवडुंग, सीताफळ आणि पायाखाली चुरडले की गवती चहाचा वास सुटणारे गवत. तापल्या शिळेवर नर सरडे विणीच्या दिवसांतले लाल-काळे अंगरखे घालून बसलेले. बुलबुलाला आणखी काय हवे? फळ आहे, किडा आहे, दडायला जाळी आहे आणि टेहळणीला धोंड्याचे टोक आहे. संकट आले की एका झेपेत धोंड्यापलीकडच्या घळीत.

अशा टेकड्या म्हणजे समुद्रातली बेटेच. मध्ये नाचणीची शेते, नारळ, गावे, रस्ते. सपाटीवर या पक्ष्याचे काही काम नसते. म्हणून एका टेकडीवरचे जोडपे गेले की ती जागा पुन्हा भरणे सोपे नाही. निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत हा बुलबुल 'असुरक्षित' म्हणून नोंदला आहे, त्याच्या मुळाशी हेच आहे.

साडेसहाच्या सुमारास तो बोलला. घळीच्या वरच्या अंगाला, तोंडात पाणी घेऊन कोणी घाईने तक्रार सांगावी तसे चार-सहा स्वर, आणि मग गप्प. मेष्ट्र्यांनी बोट वर केले. पंधरा मिनिटे गेली. पुन्हा बोलला, या वेळी डाव्या हाताला. मी दुर्बीण फिरवीपर्यंत काही तरी हिरवट शिळेच्या कडेवरून पलीकडे सटकले. नंतर तासभर काही नाही. हा तासभर मेष्ट्रे मांडी घालून शांत बसले होते. माझे गुडघे मात्र शांत नव्हते.

मग मेष्ट्रे म्हणाले, "पाणी संपलं. खाली झऱ्यावरून बाटली भरून आणतो. तुम्ही बसा."

ते दिसेनासे झाले आणि माझा हात खिशाकडे गेला.

खोटे कशाला सांगू? मनाशी मी पुष्कळ कारणे जुळवली. तीन दिवस झाले, परवा परतीची गाडी आहे, एकदाच लावू, हळू लावू. मी मोबाइल दगडावर ठेवला आणि आवाज सुरू केला. अर्धा मिनिटही गेला नसेल. समोरच्या निवडुंगावर, माझ्यापासून पाच-सहा हातांवर, तो येऊन बसला! पिवळा गळा सकाळच्या उन्हात सोन्यासारखा. मी दुर्बीण लावलीच नाही, गरजच नव्हती. तो या फांदीवरून त्या फांदीवर, तिथून धोंड्यावर, पुन्हा निवडुंगावर, शेपटी झटकत, मान वाकडी करून मोबाइलकडे पाहत होता. मला वाटले, काय हा धीट पक्षी, आणि लोक उगीच याला लाजाळू म्हणतात. आवाज संपला, मी पुन्हा लावला. पुन्हा संपला, तिसऱ्यांदा लावला. आनंदाने माझे हात कापत होते.

"बंद करा, सार."

मेष्ट्रे मागे उभे होते. आवाज चढवलेला नव्हता, पण पस्तीस वर्षे वर्गात ज्या आवाजाने काम भागले असेल तो आवाज होता. मी बंद केला.

"त्याच्या तोंडात काय आहे?" त्यांनी विचारले.

मी तेव्हा पाहिले. चोचीत हिरवी अळी होती. इतका वेळ ती तिथे होती आणि मी गळ्याचा रंग पाहत होतो.

"अळी," मी म्हणालो.

"कुणासाठी?"

मी उत्तर दिले नाही. पोराने चोरी कबूल करावी तशी मान खाली घातली.

"आपल्या हद्दीत दुसरा कुणी नर शिरला असं त्याला वाटतंय. आधी त्याला हुसकणार, मग पिलांकडं जाणार. तो हलेल, पण आपण इथं असताना नाही. आणि घरटं कुठं आहे ते शोधायचं नाही. चला."

आम्ही घळ सोडून पलीकडच्या शिळेवर, खूप दूर, सावलीत जाऊन बसलो. आता दुर्बिणीतूनही तो पक्षी म्हणजे एक ठिपका होता. तो निवडुंगावरच होता. मोबाइल ठेवला होता त्या दगडावर उतरला, भोवताली फिरला, वर गेला, पुन्हा उतरला. दिसत नसलेला शत्रू शोधत होता. मध्येच एक शिकरा घळीवरून गेला तेव्हा माझ्या पोटात गोळा उठला. बुलबुल जाळीत शिरला आणि शिकरा पुढे निघून गेला. मेष्ट्रे घड्याळ पाहत होते. चाळीस मिनिटांनी जोडीदार वरून हळूच बोलला. ठिपका उडाला आणि धोंड्यांच्या मागे दिसेनासा झाला.

मेष्ट्र्यांनी हजेरीपट काढला आणि चार नंबरच्या रकान्यात 'हजर' मांडले. मग पेन्सिल थबकवून मला म्हणाले, "तुमचं काय लिहू?"

हा विनोद होता हे कळायला मला वेळ लागला. मी मोबाइलमधला तो आवाज तिथेच पुसून टाकला. हल्ली या पक्ष्याचे छायाचित्र काढायला येणारे कित्येक जण हेच करतात, दिवसाला कित्येक वेळा करतात, असे मेष्ट्रे म्हणाले. एकेकाची गाडी येते, एकेकाचे काम होते, आणि प्रत्येकाला वाटते आपण एकदाच लावले. टेकडीचे नाव मी देत नाही ते यासाठी.

उतरताना दुसऱ्या बाजूने उतरलो आणि मग मला तांबड्या रेघेचा अर्थ दिसला. हजेरीपटातली तिसरी टेकडी समोर होती, किंवा असायला हवी होती. अर्धी होती. दुसऱ्या अर्ध्याच्या जागी सुरीने पनीर कापावे तशा सरळ उभ्या भिंती आणि तळाशी हिरवे पाणी. कडेला खडीचे यंत्र धुरळा उडवत होते. आसपासची झुडपे पिठात बुडवून काढल्यासारखी पांढरी. साडेअकराला भोंगा झाला, लाल निशाण वर चढले, आणि पायाखालचा दगड हलला. मेष्ट्रे बोटांवर मोजत होते. सात सुरुंग.

मला राग आला होता आणि मी तो बोलून दाखवला. मेष्ट्र्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "तिथं खाली दिसतात ना, त्यातली निम्मी माझ्या हाताखालची मुलं. शेती किती? अर्धा एकर, एक एकर, तीही पावसावर. यांचे आजे-पणजे दगडावर जाळ करायचे. दगड तापला की पापुद्रा सुटायचा, मग छिन्नीनं खांब काढायचे, कुंपणाला, मांडवाला. वर्षभर खपून एक टेकडी खरचटली जायची. आता तीच टेकडी दोन पावसाळ्यांत नाही. मी मुलांना काय सांगू? खोकतात, पण पगार मिळतो."

काही वेळ थांबून ते म्हणाले, "दगड जातो कुठं, ते विचारा."

विचारायची जरुरी नव्हती. बंगळूरच्या रस्त्यांत आणि इमारतींत खडी जाते हे दिसतच होते. चांगला, एकसंध दगड मात्र कापून, झिलई करून लांब लांब जातो. गेल्या साली आम्ही पुण्याच्या घरातला जुना कडप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइटचा बसवला. दुकानदाराने तेव्हा अभिमानाने सांगितले होते, "साउथचा माल आहे साहेब, तीन पिढ्या बघायला नको." सौभाग्यवतींनी करडा आणि काळा यांत करडा पसंत केला होता, कारण त्यावर डाग दिसत नाहीत. मी हे मेष्ट्र्यांना सांगितले नाही. भाच्यालाही सांगितले नाही. आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

खाणीचेच सगळे पाप आहे असे मात्र नाही. उन्हाळ्यात कोवळे गवत फुटावे म्हणून लोक डोंगराला आग लावतात, तीत झुडपे जळतात. सरपण तोडले जाते, शेळ्या चरतात. माथ्यावर देऊळ असले की रस्ता जातो, रस्ता गेला की हॉटेल जाते. आणि सगळ्यात गंमत म्हणजे चांगल्या हेतूनेही या रानाचा बळी जातो. सरकारी दप्तरात झुडपी रान म्हणजे पडीक जमीन. पडीक जमिनीवर झाडे लावावीत हे कोणालाही पटते; मग काटेरी झुडपे उपटून निलगिरीच्या सरळ रांगा उभ्या राहतात आणि फलकावर 'हरित' असे काही तरी लिहिले जाते. देवराईबद्दल, वाघाच्या अरण्याबद्दल आपल्याला आता थोडीशी जाण आली आहे. पण बोरी-तोरणीच्या खुरट्या रानाचेही कोणी रहिवासी असतात, हे आपल्याला पुरणपोळीत मीठ असते तितकेच आठवते.

निघण्यापूर्वी मेष्ट्र्यांनी मला चौथ्या टेकडीच्या पायथ्याशी एक जागा दाखवली. एका मोठ्या शिळेवर चुन्याच्या पांढऱ्या फुल्या आणि आकडे होते. पुढे शंभर पावलांवर दुसऱ्या शिळेवर तसेच. मोजणीवाले येऊन गेले होते. मेष्ट्र्यांनी तहसील कचेरीत अर्ज दिला आहे. अर्जावर त्यांच्या खेरीज अकरा जणांच्या सह्या आहेत. गावात दोन तट पडले आहेत, आणि ज्यांनी सही केली नाही त्यांत त्यांचा सख्खा पुतण्या आहे. तो यंत्रावर कामाला आहे. दोघे एकाच घरात जेवतात.

"अर्जात पिकळारचं लिहिलंत का?" मी विचारले.

"पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं. वाचून कारकून हसला. म्हणून मग झऱ्याचं लिहिलं. झरा याच टेकडीचा, गुरं त्यावर आहेत. झरा म्हटलं की सह्या मिळतात." मग थोडे हसून म्हणाले, "पाखरू झऱ्याच्या आडोशानं राहील."

पुण्याला आल्यावर मी त्यांना पत्र लिहिले, क्षमाही मागितली. उत्तर आले ते गणपतीनंतर, कानडी वळणाच्या हिंदीत, आखीव ओळींच्या कागदावर. पाऊस चांगला झाला, नाचणी बरी आहे. सात आणि पाच नंबर हजर. सहा नंबर दोन महिने गैरहजर, पण पूर्वीही असे झाले होते. चार नंबरवर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चौघे दिसले, त्यांतल्या दोघांचे गळे फिकट होते, म्हणजे त्या सालची पिले. चुन्याच्या फुल्या पावसाने धुऊन गेल्या होत्या. परवा मोजणीवाले परत येऊन गेले, या खेपेला तांबडा तेलरंग घेऊन.